घरचा तलाव आणि त्याखालचा जाळ: पाणी तापवण्याच्या निवडीचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/
घरी जलतरण तलाव बांधणाऱ्यापुढे आधी जागेचा आणि पैशाचा प्रश्न असतो. पहिला हिवाळा आला की आणखी एक प्रश्न उभा राहतो: हे पाणी तापवायचे कशाने? गॅसने, विजेने की उन्हाने? हीटर कोणता निवडायचा आणि कुठे बसवायचा? प्रश्न आजचा वाटतो. परंतु इटलीतील धनिकांना तो इसवी सनापूर्वीच पडला होता आणि त्यांची उत्तरे ग्रंथांत, कायद्याच्या चर्चेत आणि ज्वालामुखीच्या राखेखाली टिकून राहिली आहेत. त्या निवडींचा हा धागा.

२/
आधी थोडे गणित, कारण पुढचा सारा इतिहास त्यावरच उभा आहे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल अशा मध्यम तलावात ४८,००० लिटर पाणी मावते. ते दहा अंशांनी तापवायचे तर सुमारे ५६० युनिट ऊर्जा लागते. घरातला दोन किलोवॉटचा गीझर त्यासाठी साडेअकरा दिवस अखंड चालवावा लागेल. स्वयंपाकाच्या गॅसचे जवळपास चार सिलिंडर खर्ची पडतील. चांगले वाळलेले सरपण वापरले आणि त्याची निम्मी उष्णता पाण्यात उतरली, तरी २५० किलोंहून अधिक लाकूड जळेल.

३/
एवढ्यावर काम भागत नाही. तापलेले पाणी पृष्ठभागावरून वाफ होऊन उडत राहते आणि उडणारा प्रत्येक लिटर मागच्या पाण्यातील सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. वरच्या तलावाची पातळी दिवसभरात केवळ पाच मिलिमीटरने उतरली, म्हणजे १६० लिटर पाणी उडाले, तर तेवढ्यानेच सगळा तलाव जवळपास दोन अंशांनी निवतो. म्हणून पाणी तापवण्याची युक्ती फार लवकर सापडली. तापलेले पाणी राखण्याचा खर्च मात्र प्रत्येक युगाला नव्याने मोजावा लागला. तो खर्च कोणी सोसला, हे या धाग्यात पाहायचे आहे.

४/
कथेचा आरंभ नेपल्सजवळच्या किनाऱ्यावर होतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुरुवातीस तेथे सर्जियस ओराटा नावाचा एक उद्योगी गृहस्थ होता. कालवांची शेती करून त्याने पैसा मिळवला. थोरल्या प्लिनीच्या सांगण्यानुसार ‘टांगती स्नानगृहे’ ही त्याचीच कल्पना. म्हणजे खांबांवर उचललेली आणि खालून गरम हवा खेळवलेली फरशी. जुने बंगले घ्यायचे, त्यांत ही सोय बसवायची आणि चढ्या भावाने विकायचे, हा त्याचा व्यवसाय. गरम पाण्यामुळे घराची किंमत वाढते, हे त्याने ओळखले होते.

५/
शोधाचे श्रेय मात्र एकट्या ओराटाला देता येत नाही. ग्रीकांच्या स्नानगृहांत फरशीखालून तापवण्याचे प्रयोग त्याच्या आधीपासून आढळतात. नवे होते ते धनिकाच्या खासगी घरात ही सोय येणे. पुढे ऑगस्टसचा सल्लागार मायसेनस याच्याविषयी इतिहासकार कॅसियस डिओ एक नोंद करतो: रोम शहरात गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव प्रथम त्याने बांधला. मायसेनस इसवी सनापूर्वी ८ मध्ये वारला. अंग धुण्याच्या टाकीपासून पोहण्याजोग्या गरम तलावापर्यंतचे अंतर रोमनांनी तोवर ओलांडले होते.

६/
ही यंत्रणा बसवायची कशी? याचे उत्तर देणारा ग्रंथ आपल्यापाशी आहे. वास्तुविशारद विट्रुव्हियसने आपल्या दहा खंडांच्या ग्रंथातील पाचव्या खंडात स्नानगृहांना एक प्रकरण दिले आहे. त्याची पहिली सूचना भट्टीविषयी नसून जागेविषयी आहे. शक्य तितकी उबदार जागा निवडा, उत्तरेकडे पाठ करा. गरम खोल्यांना उजेड नैर्ऋत्येकडून, ते न जमल्यास दक्षिणेकडून घ्या, कारण लोक स्नान करतात ते दुपारपासून संध्याकाळपर्यंत. जाळ पेटवण्याआधी उन्हाकडून मिळेल तेवढे घ्यावे, हा त्याचा क्रम.

७/
मग फरशी. दोन फूट उंचीचे विटांचे खांब, त्यांवर दोन फुटी लाद्या आणि त्यांवर वरची जमीन. खालचा तळ भट्टीच्या तोंडाकडे उतरता हवा. उतार बरोबर आहे का, हे तपासण्याची खूणही तो देतो: आत टाकलेला चेंडू न थांबता भट्टीच्या तोंडाशी परत आला पाहिजे. असा उतार असला म्हणजे ज्वाळा आपोआप चढत फरशीखाली सर्वत्र पसरते. या रचनेला हायपोकॉस्ट म्हणतात.

८/
भट्टीवर काशाची तीन भांडी: एक गरम, एक कोमट, एक थंड. गरम भांड्यातून जेवढे पाणी काढले जाईल तेवढेच कोमट भांड्यातून त्यात उतरावे आणि थंड भांड्यातून कोमट भांड्यात. त्यामुळे थंड पाणी थेट उकळत्या पाण्यात पडत नाही आणि धुराबरोबर जाणारी उष्णता दुसऱ्या भांड्याला कामी येते. पॉम्पेईजवळ बोस्कोरेआले येथील एका मळ्याच्या घरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिशाचा बॉयलर नळ्या आणि तोट्यांसह सापडला. खासगी घरातही ही व्यवस्था किती काटेकोर होती, हे त्यातून दिसते.

९/
परंतु बॉयलरमधून गरम पाणी आणून ओतले, तरी तलावातले पाणी निवतच राहणार. त्यावर रोमनांनी एक सुंदर उपाय काढला. तलावाच्या एका टोकाला काशाचे अर्धगोल भांडे, तोंड तलावाकडे उघडे आणि बूड थेट भट्टीवर. त्याच्या आकारावरून त्याला ‘टेस्टुडो’, म्हणजे कासव, म्हणत. निवलेले पाणी जड होऊन तळाशी जाते आणि भांड्यात शिरते. तेथे तापून हलके होते आणि वरून तलावात परतते. पंप नाही, झडप नाही. पॉम्पेईच्या स्टेबियन स्नानगृहात असे भांडे सापडले आहे. आपल्या गच्चीवरच्या सौर बंबातही पाणी याच नियमाने फिरते.

१०/
हर्क्युलेनियममध्ये समुद्राकाठच्या स्नानगृहात याहून वेगळी रचना आहे. तेथे पोहण्याजोग्या मोठ्या तलावाच्या मधोमध गोल धातूचे भांडे बसवून त्याला खालून जाळ दिला जाई. अभ्यासक तिला ‘समोवार’ पद्धत म्हणतात. मराठी वाचकाला समोवारापेक्षा न्हाणीघरातला तांब्याचा बंब जवळचा वाटेल: मध्ये करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या जळणारे नळकांडे, भोवती पाणी. जाळ पाण्याच्या पोटात ठेवला की त्याची उष्णता वाया कमी जाते. हे तत्त्व दोन्हीकडे एकच, प्रमाण तेवढे निराळे.

११/
तिसरा प्रकार सेनेकाने लिहून ठेवला आहे. गरम पाण्याचे झरे जमिनीखाली कसे तापत असावेत, हे समजावताना तो घरोघरच्या ओळखीच्या उपकरणाचा दाखला देतो. पातळ काशाच्या नळ्या उतरत्या वेटोळ्यांनी बसवलेल्या असतात, पाणी त्याच जाळाभोवती पुनःपुन्हा फिरते, थंड आत शिरते आणि गरम होऊन बाहेर पडते. आज गॅसवर चालणाऱ्या तलावाच्या हीटरचे झाकण काढले तर आत तांब्याच्या नळ्याच दिसतात. तत्त्वतः तो रोमन नळ्यांचाच वंशज.

१२/
आता एका प्रत्यक्ष घरात जाऊ. धाकटा प्लिनी हा वर सांगितलेल्या थोरल्या प्लिनीचा भाचा. रोमपासून जवळ लॉरेंटम येथील आपल्या सागरकाठच्या घराचे वर्णन त्याने एका पत्रात केले आहे. त्या घरात गरम पाण्याचा तलाव होता आणि त्यात पोहता पोहता समुद्र दिसे. सरपण जवळच्या रानांतून मुबलक मिळते, हेही तो आवर्जून नोंदवतो. घराचे गुण सांगताना त्याला इंधनाचा उल्लेख करावासा वाटला. तलावाचा मालक काय हिशेब करत होता, हे त्यावरून कळते.

१३/
याच पत्रातील आणखी एक वाक्य मला अधिक मोलाचे वाटते. जवळच्या गावात पैसे देऊन वापरायची तीन स्नानगृहे आहेत आणि ती फार सोयीची आहेत, असे प्लिनी म्हणतो. का? तो अचानक आला किंवा थोडाच वेळ राहणार असला, तर घरचे स्नानगृह तापवणे परवडत नाही. एवढा धनवान सिनेटर, दारात रान, हाताशी दास; तरी दोन दिवसांसाठी एवढे दगड आणि पाणी तापवायला तो कचरतो. तापायला वेळ घेणारी वस्तू रोज वापरली तरच परवडते, हा नियम त्याला पुरता ठाऊक होता.

१४/
डोंगरपायथ्याच्या टस्कनीतील घरी प्लिनीची निवड निराळी आहे. तेथे थंड स्नानाची जागा सावलीत आहे; ज्याला अधिक ऐसपैस किंवा अधिक कोमट पाण्यात पोहायचे असेल त्याच्यासाठी अंगणात तलाव आहे; आणि ऊब नकोशी झाली तर शेजारीच विहीर. अंगणातल्या तलावाला येथे भट्टीची जोड सांगितलेली नाही. उघड्या आकाशाखालच्या पाण्याला जे मिळते तेवढ्यावर तो समाधानी दिसतो. एकाच माणसाच्या दोन घरांत दोन उत्तरे. हीटरची निवड माणसाच्या ऐपतीइतकीच स्थळावर आणि वापरावर ठरते.

१५/
पण या पत्रांत एक माणूस कुठेच दिसत नाही: भट्टीत लाकूड सारणारा. तो सापडतो कायद्याच्या ग्रंथात. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा कायदेपंडित उल्पियन एक प्रकरण मांडतो. कुळाचा भट्टीवाला दास भट्टीपाशीच झोपी गेला आणि मळ्यावरचे घर जळून गेले. भरपाई कोणी द्यायची? एकाने जाळ पेटवला आणि दुसऱ्याने राखला असेल तर दोष कोणाचा? ही चर्चा सहाव्या शतकात जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये संकलित झाली.

१६/
उल्पियनचा निष्कर्ष कठोर आहे. झोप ही माणसाची स्वाभाविक गरज आहे, असे म्हणून सुटता येणार नाही. एकतर आग विझवायला हवी होती, नाहीतर ती पसरणार नाही असा बंदोबस्त करायला हवा होता. न्यायशास्त्राचे विद्यार्थी हा उतारा निष्काळजीपणाच्या व्याख्येसाठी वाचतात. आपण तो दुसऱ्या कारणासाठी वाचावा. आग रात्रभर जिवंत ठेवायची तर कोणीतरी जागे राहावे लागते. रोमन जगात ते जागरण दासाच्या वाट्याला आले. नाव नसलेल्या त्या माणसाची नोंद उरली ती केवळ त्याला डुलकी लागली म्हणून.

१७/
या ऐषआरामावर टीकाही झाली. ज्या सेनेकाने नळ्यांचे वर्णन केले, त्यानेच एका पत्रात थोरल्या स्किपिओच्या लिटर्नम येथील जुन्या न्हाणीघराचे चित्र काढले आहे: अरुंद, अंधारे, भिंतीत झरोक्यांपुरत्या फटी. हॅनिबलला हरवणारा सेनापती शेतात राबून तेथे अंग धुवे. आणि आताचे लोक? त्यांना संगमरवर हवा, रुंद खिडक्या हव्यात, पाणी पोळण्याइतके हवे. गरम तलाव म्हणजे नैतिक ऱ्हास, हा सूर तेव्हापासूनचा. त्याला उत्तर मिळाले ते विसाव्या शतकात, एका आजारी माणसाकडून.

१८/
तेथवर जाण्याआधी मधला एक टप्पा. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉन याने गॅसच्या ज्योतीवर वाहते पाणी तत्काळ तापवणारे उपकरण काढले. आइसलँडच्या उष्ण कारंजावरून त्याने त्याला ‘गीझर’ हे नाव दिले. तोच शब्द आज आपल्या घराघरांत आहे. आता इंधन नळातून येऊ लागले. लाकूड तोडणारा, वाहणारा, सारणारा माणूस घराच्या आवारातून दिसेनासा झाला आणि त्याची जागा खाणीतल्या व गॅस कारखान्यातल्या मजुराने घेतली.

१९/
आता तो आजारी माणूस. फ्रँकलिन रूझवेल्ट १९२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, ज्या आजाराने पंगू झाले त्याचे निदान पोलिओ असे झाले. १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे गेले. तेथील झऱ्याचे पाणी निसर्गतः सुमारे ३१ अंशांचे. जमिनीवर शरीराचा भार न पेलणारे पाय त्या पाण्यात हलत होते. थंड पाण्यात स्नायू आखडतात आणि फार वेळ थांबता येत नाही. कोमट पाण्यात व्यायाम दीर्घकाळ करता येतो. १९२६ मध्ये त्यांनी ती जागा विकत घेतली आणि पुढच्या वर्षी इतर रुग्णांसाठी तेथे संस्था उभी केली.

२०/
१९३३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि व्हाइट हाउसमध्ये राहायला आले. तेथे झरा नव्हता. न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने लोकांनी वर्गणी काढली आणि त्याच वर्षी व्हाइट हाउसच्या पश्चिम बाजूच्या जोडइमारतीत तापवलेल्या पाण्याचा बंदिस्त तलाव उभा राहिला. सेनेकाला ज्यात ऐषआराम दिसला, ती वस्तू येथे औषध ठरली. १९७० मध्ये निक्सन यांच्या काळात त्यावर पत्रकारांसाठी दालन बांधले गेले. आज वार्ताहर जेथे प्रश्न विचारतात, त्या जमिनीखाली तो तलाव अजून आहे.

२१/
युद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, मध्यमवर्गाच्या परसदारी तलाव आले आणि स्वस्त गॅसमुळे हीटरही आले. १९७३ च्या तेलसंकटाने हा हिशेब उलटला. तलावाला फार कढत पाणी लागत नाही, २७-२८ अंश पुरतात. त्यामुळे काचेविना, साध्या काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचे सौर पट्टे त्याला पुरेसे ठरतात. सँटा क्लारा शहराने १९७५ साली सौर उपकरणे भाड्याने देणारी नगरपालिकेची योजना सुरू केली आणि तीत तलावांचे हीटर होते. विट्रुव्हियसचा ‘आधी ऊन’ हा क्रम असा परत आला.

२२/
दुसरा मार्ग युरोपात तयार होत होता. हवेतली किंवा नदीतली उष्णता उचलून पाण्यात सोडणाऱ्या यंत्राची, म्हणजे हीट पंपाची, कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये मांडली. कोळशासाठी परदेशांवर अवलंबून असलेल्या स्वित्झर्लंडने ती गांभीर्याने घेतली. झुरिकच्या नगरभवनात १९३८ मध्ये लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला आणि १९४१ मध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत, शहराच्या बंदिस्त जलतरण तलावासाठीही हीट पंप आला. आजचे घरगुती हीट पंप अनुकूल हवेत एका युनिट विजेतून साधारण चार-पाच युनिट उष्णता पाण्यात सोडतात.

२३/
व्हाइट हाउसच्या छतावरही हा बदल उमटला. १९७९ मध्ये कार्टर यांनी पाणी तापवणारे सौर पट्टे बसवले आणि १९८६ मध्ये, रेगन यांच्या कारकिर्दीत, ते उतरवले गेले. पुढे धाकट्या बुश यांच्या काळात, फारसा गाजावाजा न करता, तेथील उघड्या तलावासाठी सौर यंत्रणा बसली. हा उघडा तलाव १९७५ साली फोर्ड यांनी बांधवून घेतलेला. रोमन पुढाऱ्याच्या घराप्रमाणेच येथेही हीटर पाण्याबरोबर राजकारण तापवत होता.

२४/
मग आज निवड कशी करावी? इतिहास चार कसोट्या देतो.
– वापर रोजचा की क्वचितचा? क्वचित वापरासाठी गॅस, कारण तो लवकर तापवतो. रोजच्यासाठी सौर पट्टे किंवा हीट पंप. प्लिनीने कचरत केलेला हिशेब हाच.
– स्थळ कोणते? ऊन भरपूर असेल तर सौर पट्ट्यांचे क्षेत्र तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्याहून कमी नसावे; भारतात त्यांचे तोंड दक्षिणेकडे. हवा फार थंड असेल तर हीट पंपाची ताकद घटते.
– गरज ऐषआरामाची की उपचाराची? उपचारासाठी तापमान स्थिर हवे, केवळ उन्हावर विसंबता येत नाही.
– आणि झाकण आहे का?

२५/
बसवणीचा क्रमही लक्षात ठेवण्याजोगा. पाणी आधी पंपातून, मग गाळणीतून, मग हीटरमधून जावे. क्लोरीन सोडणारे यंत्र हीटरच्या पुढे, सर्वांत शेवटी. क्रम चुकला तर तीव्र क्लोरीनचे पाणी हीटरच्या तांब्याच्या नळ्या खाऊन टाकते. गॅसचा हीटर बंद खोलीत कधीही नको. त्याच्या धुराला मोकळी वाट हवी. भट्टीपाशी जागणारा माणूस आता नाही, म्हणून त्याचे काम तापमापक आणि आपोआप बंद होणारी झडप करतात. त्यांवर काटकसर करू नये.

२६/
झाकणाची कसोटी शेवटी ठेवली, कारण निर्णय तिच्यापासून सुरू व्हावा. रोमनांचा गरम तलाव बहुधा कमानीच्या छताखाली, जाड भिंतींच्या आत असे. वाफ कोंडून धरणारी खोली हेच त्यांचे झाकण. आज उघड्या तलावावर अंथरायच्या साध्या आवरणाने तापवण्याचा खर्च निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटतो. कॅलिफोर्नियाच्या नियमांत तर गॅस किंवा हीट पंपाने तापवलेल्या उघड्या तलावाला आवरण सक्तीचे आहे. आधी आवरण, मग ऊन, आणि उरलेल्या गरजेपुरता हीटर, असा क्रम लावला तर लहान यंत्र पुरते.

२७/
दोन हजार वर्षांत भट्टी अंगणातून हलत हलत कोळशाच्या खाणीत, गॅसच्या विहिरीत आणि दूरच्या वीजकेंद्रात गेली. पोहणाऱ्याला ती आता दिसत नाही. प्लिनीलाही त्याच्या तलावातून समुद्र दिसे, भट्टीवाला दिसत नसे. म्हणून हीटर निवडताना यंत्राच्या किमतीबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा: हे पाणी रात्रभर कोमट राहावे म्हणून कुठे, काय आणि कोणाच्या श्रमाने जळणार आहे? उत्तर देता आले, की योग्य यंत्र निवडणे फार अवघड राहत नाही.

धागा समाप्त. तुमच्या घरी बंब असेल तर त्याची रचना, त्यात काय जाळत आणि किती वेळात पाणी तापे, हे प्रतिसादात जरूर लिहा. अशा तपशिलांची नोंद ग्रंथांत क्वचितच होते.